खांद्याचं मलम

६ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहायला बसलोय. "झोप कशी लागली, दिवसा डुलकी कधी आली, चिडचिड कोणावर झाली, एवढं लिहीत जा. मला दाखवलंच पाहिजे असं नाही, पण लिहा." चिडचिड कोणावर झाली हे लिहायचं तर एक वही पुरायची नाही.

आजची डुलकी यंत्रांच्या खोलीत, स्टुलावर बसल्या बसल्या, हातात पक्कड तशीच. आगारप्रमुखांनी दारात उभं राहून खाकरलं तेव्हा जाग आली. मी बस स्थानकाचा इलेक्ट्रिशियन. दिवे, पंखे, फलाटांवरचे भोंगे, सगळं माझ्याकडे. पूर्वी शिडीवर कधी चढलो ते कळायचं नाही, आता शिडी बघूनच दमायला होतं. पोट सुटलंय, दंड सैल पडलेत, कशातच जीव लागत नाही. पन्नाशीला अजून एक वर्ष आहे. शरीराने असा दगा द्यावा, असं मी त्याचं काय घोडं मारलं होतं?

आज महिन्याचा पहिला सोमवार, म्हणजे धोक्याच्या भोंग्याची चाचणी. आधी घंटा, मग हिचा आवाज: "प्रवाशांनी घाबरू नये. सामान जागेवर ठेवून जवळच्या दाराने शांतपणे बाहेर पडावं." ही म्हणजे माझी बायको. ती घोषणा कक्षात बसते आणि दिवसभर गाड्या, फलाट, वेळा सांगते. चाचणीचं वाक्य मात्र पंचवीस वर्षांपूर्वी मीच रेकॉर्ड केलेलं आहे, आमचं लग्न ठरायच्याही आधी. तिने ते पहिल्या फटक्यात सुरेख म्हटलं होतं. मी "मशीन बिघडलंय" म्हणून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. का, ते लिहायला नको.

चाचणी संपली की ती लगेच माइकवर येते आणि म्हणते, "ही केवळ चाचणी होती. प्रवाशांनी आपला प्रवास सुरू ठेवावा." जुना आवाज आणि आजचा आवाज, काडीचाही फरक नाही. बाजारात ही भाव विचारते तेव्हा लोक वळून बघतात: अरे, ही तर स्टँडवरची बाई! माझं सगळं उतरत चाललंय आणि हिचा आवाज तेवढा जसाच्या तसा आहे.

१७ जानेवारी

हे पान डॉक्टरांना दाखवणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

आज त्यांनी बोलावलं होतं. डॉक्टर म्हातारे आहेत, दोन्ही कानांना यंत्र, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा बाहेरच्या बाकापर्यंत जाते. त्यांनी विचारलं, "बायकोजवळ जावंसं वाटतं का?" मी म्हटलं, वाटतं की. तर म्हणाले, "नाही, ती म्हणत होती, वर्षभर तसं काही नाही म्हणून."

ती म्हणत होती!

म्हणजे ही माझ्या आधी तिथे जाऊन सगळं ओकून आली होती. वर्षभर मी पाठ करून झोपतो, मधेच चिडतो, जेवताना बोलत नाही, सगळं. बाहेर बाकावर चार माणसं बसली होती, त्यातला एक आमच्याच डेपोचा कंडक्टर. घरी येऊन मी हिला विचारलं, "आपल्या खोलीतलं चव्हाट्यावर मांडायला तुला लाज वाटली नाही?"

ती म्हणाली, "अरे, तू सांगितलं असतंस का? तू तर 'थोडा अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक घेऊन आला असतास."

"मग आणलं असतं टॉनिक!"

"मला टॉनिक नको, मला तू बरा व्हायला हवायस."

बोलायला काय जातंय. मी तिला घरभेदी म्हणालो. ती भांडी आवाज न करता लावत राहिली.

५ फेब्रुवारी

रक्ताचा निकाल आला. टेस्टोस्टेरॉन कमी आहे. म्हणजे ज्याच्यामुळे पुरुषाला पुरुष म्हणतात तेच माझ्यात कमी आहे. डॉक्टर हे ऐकून हसले. म्हणाले, "असलं काही नसतं. दाढीमिशी आहे, मुलगी आहे, पुरुषच आहात. या वयात ते थोडं उतरतंच. आणि एका रक्तावर मी कोणाला शिक्का मारत नाही. पुन्हा एकदा सकाळी उपाशीपोटी या. घोरता ना? झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही ते खाली येतं, पोटाच्या घेराने येतं. साखरही काठावर आहे. आधी ते सगळं बघू, मग औषधाचं."

म्हणजे मी पोट आत घ्यायचं, श्वासासाठी नाकातोंडाला मशीन लावून झोपायचं, आणि वाट बघायची. मी विचारलं, सरळ औषध का देत नाही? ते म्हणाले, "लागलं तर देईन. पण ते अंगाला लावायचं औषध आहे, त्याची पथ्यं आहेत. घाई नको."

पुढची तारीख घेतली. जाणार नाही. तिकडे गेलं की हिला कळणार, हिला कळलं की मुलीला कळणार, आणि मुलीला कळलं की मी मेलोच.

२० फेब्रुवारी

पैलवान भेटला. पैलवान म्हणजे आमच्याच डेपोचा ड्रायव्हर, संध्याकाळी व्यायामशाळा चालवतो. पन्नाशी ओलांडलीय आणि दंड असे की शर्टाची बाही केविलवाणी दिसते. आम्ही एकत्रच नोकरीला लागलो. बाकी कोणाला सांगितलं नसतं, पण त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "एवढंच ना? अर्धा डेपो माझ्याकडून नेतो." त्याने एक ट्यूब दिली, जेल आहे. खोकं नाही, वरची अक्षरं खरवडलेली. "कागदबिगद वाचत बसू नकोस. आंघोळ झाली की कोरड्या खांद्यांना लाव. दंडालाही लाव. लोक एवढंसं लावतात, तू सढळ हाताने लाव. आणि कोणाला बोलू नकोस."

बोलायला मला वेड लागलंय का. या जगात तोंड बंद ठेवणारा एक तरी माणूस आहे, हेच खूप.

३ मार्च

दिवसभर ग्रीस आणि धूळ, म्हणून मी आंघोळ संध्याकाळी घरी आल्यावरच करतो. त्यानंतर ट्यूब लावतो आणि वाळेपर्यंत बंडीवर बसतो. त्याला स्पिरिटसारखा वास येतो. हिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, खांदा दुखतोय, शिडी उचलून उचलून. मलम आहे.

तिने ट्यूब माझ्या हातातून घेतली. "एका हाताने काय लावतोस, पाठीमागे पोचत तरी आहे का? इकडे बस." आणि दोन्ही तळव्यांनी तिने दोन्ही खांदे चांगले चोळून दिले. मी डोळे मिटून बसलो. किती दिवसांनी हिचा हात अंगाला लागला. जानेवारीपासून नीट बोलत नव्हतो. मलमाला जेवढा गुण असेल तेवढाच हिच्या हातालाही आहे.

२८ मार्च

फरक आहे! आज तीन नंबर फलाटावरचा भोंगा एकट्याने उतरवला. दुपारी डुलकी नाही. आगारप्रमुखांच्या तोंडावर उत्तर दिलं आणि वर हसलो. बाकीच्या गोष्टीही रुळावर येताहेत, एवढंच लिहितो. हिने सकाळी चहा देताना उगाचच माझे केस विस्कटले.

रोज संध्याकाळी मलम हीच लावते. लावून झालं की हात पुसते पदराला, आणि मग टीव्ही बघताना माझ्या खांद्यावर गाल टेकून बसते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बसायची तशी. मी डॉक्टरांकडे गेलो असतो तर अजून घोरण्याचीच चौकशी चालली असती.

१९ एप्रिल

हिने विचारलं, "डॉक्टरांकडे गेला होतास का परत?" मी म्हटलं, गेलो होतो, सगळं ठीक आहे म्हणाले. तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला कसंतरी झालं. मग म्हटलं, खोटं काय आहे त्यात? ठीकच आहे सगळं.

पैलवानाकडून दोन ट्यूब आणखी घेतल्या.

११ मे

हिच्या तोंडावर पुटकुळ्या आल्यात, हनुवटीवर आणि गालावर. उजव्या गालावर जास्त. मी म्हटलं, "काय, परत सोळा वर्षांची झालीस की काय?" ती हसली नाही. नवीन साबणामुळे असेल म्हणाली. साबण बदलला.

१६ जून

स्थानकावर तक्रार आली. घोषणा जड येते, घोगरी येते, शब्द नीट कळत नाहीत. आगारप्रमुखांनी मला बोलावलं. मी सहाही फलाटांवर फिरून ऐकलं. खरंच आवाज दबलेला आहे. भोंगे जुने झालेत, पडदे सैल पडले असतील. दोन पडदे बदलले, अँप्लिफायर उघडून साफ केला, ट्रेबलचा, म्हणजे आवाज बारीक-उजळ करायचा, खटका दोन घरं वर नेला. मग जरा बरं वाटलं.

ही म्हणाली, "तू कशाला एवढा त्रास घेतोस?" मी म्हटलं, माझ्या बायकोचा आवाज खराब यंत्रातून जाऊ देईन का मी? ती माझ्याकडे बघतच राहिली. बायकांना असं बोललेलं आवडतं.

२ जुलै

ट्रेबल आणखी वर नेला. तरी काही खरं नाही. नवीन अँप्लिफायर मागवायला अर्ज टाकलाय.

१३ जुलै

आज हसून हसून पुरेवाट झाली. मुलीचा फोन आला, ती शिकायला बाहेरगावी असते. फोन हिने उचलला, "बोल गं" म्हणाली. तर मुलगी म्हणाली, "बाबा, आईला दे ना." फोन स्पीकरवर होता, मला ऐकू आलं. मी पोट धरून हसायला लागलो.

ही हसली नाही. फोन माझ्या हातात ठेवून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. एवढंही चेष्टेत घेता येत नसेल तर कठीण आहे.

४ ऑगस्ट

काहीतरी बिनसलंय आणि मला कोणी सांगत नाही.

हिच्या पर्समध्ये चिमटा आणि छोटा आरसा दिसला. पूर्वी ही पावडरसुद्धा लावत नसे. आता दारं बंद करून आरशासमोर उभी असते. बाहेर पडताना ओढणीने हनुवटीपर्यंत तोंड गुंडाळते. खांद्यावर गाल ठेवून बसणं बंद. "उकडतं" म्हणून मुलीच्या खोलीत झोपायला गेली. मी जवळ गेलो तर अंग चोरते, तोंडाला हात लावू देत नाही.

आजच्या चाचणीत आणखी एक. रेकॉर्ड केलेलं वाक्य स्वच्छ आलं, अगदी काचेसारखं, जरा जास्तच टोकदार. त्यानंतर ही माइकवर बोलली तर घोगरं. भोंगा तोच, तार तीच. म्हणजे भोंगे ठीक आहेत, हिच्या खोलीतला माइकच गेलाय! एवढे दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही? उद्या माइक बदलतो.

८ ऑगस्ट

नवीन माइक मिळायला चार दिवस गेले. आज बदलायला गेलो तर कक्षात चष्मेवाला बसलेला. हा नवा वाहतूक नियंत्रक. बायको वारलेली, बोलणं हळू, आणि सगळ्यांशी अदबीने वागायची भारी हौस. दोघं काहीतरी बोलत होते, मी गेल्यावर गप्प झाले. त्याच्या टेबलावर हिचा डबा होता, उघडलेला.

माइक नवीन लावला. आवाज तसाच. आता काय उरलंय बदलायला?

२५ ऑगस्ट

चौकशी खिडकीवरच्या बाईने मला अगदी सहज विचारलं, "वहिनी आज परत सुट्टीवर?" सुट्टीवर? सकाळी माझ्यासोबत घरातून निघाली होती! विचारल्यावर कळलं, या महिन्यात तिसरी वेळ. तिच्या जागी माइकवर चष्मेवाला बोलतो आणि वर तिची हजेरीही सांभाळतो. त्याचा आवाज ऐकून मला वाटायचं, ही जेवायला गेली असेल.

संध्याकाळी विचारलं, "आज ड्यूटी कशी झाली?" "नेहमीसारखी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. आणि मग ट्यूब घेऊन आली, "बस, खांदे चोळून देते."

मी बसलो. तिचे हात खांद्यावर फिरत होते आणि मला वाटत होतं, हिला अपराधी वाटत असणार. वेगळी झोपते, खोटं बोलते, पण मलम लावायला विसरत नाही. मी आता कुठे बरा झालोय, आता कुठे पूर्वीसारखा झालोय, आणि हिला नेमका आत्ता दुसरा कोणी सापडावा? वर्षभर मी निकामी होतो तेव्हा ही माझ्याजवळ होती, आणि आता? यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरत नाही.

६ सप्टेंबर

बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ड्यूटीच्या वेळात ती चष्मेवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून गेली, तोंड ओढणीत गुंडाळून, हातात जाडसर पाकीट. मी मागे पळालो, चौकात गर्दीत ते दिसेनासे झाले. पैलवानाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझा डोस वाढव आणि त्याला एकदा कोपऱ्यात गाठ." डोकं तापलंय. हल्ली तापलं की लवकर उतरतही नाही.

मी काय कमी केलं? हिच्यासाठीच तर हे सगळं केलं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्या बाईकडे मान वर करून बघितलं नाही. विश्वासघात म्हणजे काय ते मला आज कळलं.

९ सप्टेंबर



दुपारी ती यंत्रांच्या खोलीत आली. तिने दार लावलं. मी म्हटलं, बरं झालं आलीस, आज निकाल लावूनच टाकू. चष्मेवाल्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने टेबलावर ट्यूब ठेवली. माझी ट्यूब.

"हे काय आहे?"

"खांद्याचं मलम."

"खांद्याचं मलम." तिने ते शब्द सावकाश म्हटले, त्या जड आवाजात. आजवर मी तो आवाज भोंग्यातूनच काय तो लक्ष देऊन ऐकला होता. समोरासमोर, बंद खोलीत, यंत्राशिवाय ऐकला तो आज. 

ती बोलत गेली. मे महिन्यापासून तोंडावर पुरळ, मग हनुवटीवर केस, काळे, राठ. पाळी थांबली. आवाज उतरायला लागला. आधी वाटलं वय झालं. मग कोणीतरी म्हणालं, पोटात गाठ असली की असं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, तर तिच्या रक्तात तेच निघालं जे माझ्यात कमी होतं, आणि ते पुरुषाइतकं. मग गाठ शोधायला एकामागून एक तपासण्या. चष्मेवाला न्यायचा, आणायचा, हजेरी सांभाळायचा. त्याची बायको अशाच गाठीने गेली होती.

"त्या मशीनमध्ये आडवी पडले होते मी," ती म्हणाली, "आणि विचार काय करत होते सांगू? मी गेले तर तुझे खांदे कोण चोळून देणार."

गाठ सापडलीच नाही. काल डॉक्टरीणबाईंनी परत सगळं विचारलं, काय खाता, काय लावता. ती म्हणाली, मी काहीच लावत नाही. नवऱ्याच्या खांद्याला तेवढं मलम लावते रोज. बाई म्हणाल्या, ते मलम घेऊन या. आज सकाळी ती ट्यूब घेऊन गेली तेव्हा बाईंनी ते पुरुषांचं औषध ओळखलं, आणि म्हाताऱ्या डॉक्टरांकडे विचारलं तर कळलं की फेब्रुवारीनंतर मी तिकडे फिरकलोच नाही.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. कुठल्या तोंडाने विचारलं कोण जाणे. "एवढं सगळं चाललं होतं आणि मला कळू दिलं नाहीस?"

"तू हसायला लागला होतास रे. वर्षभराने. मला वाटलं, नक्की काय ते कळेपर्यंत याचं हसू कशाला घालवायचं." मग तिचा आवाज फाटला. "तू मला घरभेदी म्हणाला होतास. मी तुझं दुखणं डॉक्टरांना सांगितलं म्हणून. आणि तू? तू माझ्याच हाताने माझ्यात हे घातलंस. रोज. डोळे मिटून बसायचास."

"मला माहीत नव्हतं. शपथ, मला माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुला. डॉक्टरांकडे जाऊन आलो म्हणालास, ते खोटं. खांदा दुखतो म्हणालास, ते खोटं." तिने अँप्लिफायरकडे बघितलं, वर चढवलेल्या खटक्याकडे. "भोंगे काढलेस, पडदे बदललेस, माइक बदललास. सगळ्या स्थानकाची यंत्रं खोललीस. एकदा माझ्याकडे वळून विचारलं नाहीस, तुझ्या घशाला काय झालंय म्हणून."



"पहिल्या वेळीही मशीन बिघडलंय म्हणून खोटं बोलला होतास," ती म्हणाली. "मला माहीत होतं. ते खोटं मला आवडलं होतं."

मग दार उघडून गेली. थोड्या वेळाने भोंग्यातून तिचा आवाज आला, चार नंबर फलाटावरची गाडी सुटते आहे. मी तिथेच बसून राहिलो.

१० सप्टेंबर

पैलवानाला गाठलं. कॉलर धरायच्या इराद्यानेच गेलो होतो. तो म्हणाला, "मी तुला लावायला दिलं होतं. बायकोकडून चोळून घ्यायला मी सांगितलं होतं का?"

 धरलेली कॉलर सोडली. त्याने दगा दिला असं आजही म्हणता येईल, पण ते म्हणून माझं काही हलकं होत नाही.

२२ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, तेही मोठ्याने, बाहेरच्या बाकाला ऐकू जाईल असं. ऐकू जाऊ दे.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "औषध वाईट नाही हो. ज्यांना लागतं त्यांना मीच देतो. पण लावणाऱ्याने स्वतः लावायचं, हात साबणाने धुवायचे, वाळलं की वर पूर्ण कपडा घालायचा, आणि जवळच्या माणसाच्या कातडीला ती जागा लागू द्यायची नाही. ट्यूबवर आणि आतल्या कागदावर हे सगळं असतं. मी दुसऱ्या रक्तासाठी तुमची वाट बघत होतो."

जेल बंद केलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाहेरून एवढं मिळत गेल्यामुळे माझ्या शरीराने स्वतःचं काम सोडून दिलंय. ते परत सुरू व्हायला महिने लागतील. तोवर जानेवारीपेक्षाही वाईट दिवस येतील. झोपेची तपासणी केली, खरंच श्वास अडकतो. आता मशीन लावून झोपतो, आणि संध्याकाळी डेपोभोवती चालतो. जे फेब्रुवारीत सांगितलं होतं, तेच.

१९ ऑक्टोबर

हिचं तोंड बरंच निवळलं. पाळी आली. मी "आवाजाचं काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" असं विचारलं. ती म्हणाली, "कातडी सुधारते. केस हळूहळू कमी होतील. आवाजाच्या तारा एकदा जाड झाल्या की बहुतेक तशाच राहतात."

एवढं बोलून तिने मुलीच्या खोलीचं दार लावून घेतलं. आम्ही एकत्र जेवतो. ती मला वाढते. रागावत नाही, आणि तेच सहन होत नाही. एकदा तरी भांडं आपटावं तिने.

मुलीला तिने काय सांगितलंय माहीत नाही. मुलगी माझ्याशी बोलते, पण आता फोनवर आधी विचारते, "कोण बोलतंय?"

११ नोव्हेंबर

आगारप्रमुखांनी हिला बोलावलं होतं. चौकशी खिडकीवर बसा म्हणाले, माइकवर एखादी नवीन मुलगी घेऊ. ही म्हणाली, "माझ्या घोषणेमुळे कोणाची गाडी चुकली का?" ते म्हणाले, नाही. "मग मी इथेच बसणार." चष्मेवाला तिच्या बाजूने बोलला. तिथे मी असायला हवा होतो, मी शिडीवर होतो.

परतताना ती यंत्रांच्या खोलीशी थांबली. आत न येता म्हणाली, "तो खटका होता तिथे आणून ठेव. माझा आवाज जसा आहे तसा जाऊ दे."

१ डिसेंबर

पहिला सोमवार. डोकं जड, पाय जड, डॉक्टरांनी बजावलं होतं तसंच. ट्रेबल मधोमध आणून ठेवला आणि भोंगे ऐकायला तीन नंबर फलाटावर जाऊन उभा राहिलो. बाकावर एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन बसली होती.

घंटा वाजली. मग पंचवीस वर्षांपूर्वीची, चोवीस वर्षांची ती बोलली: "प्रवाशांनी घाबरू नये. सामान जागेवर ठेवून जवळच्या दाराने शांतपणे बाहेर पडावं." ट्रेबल जागेवर आल्याने आवाज होता तसाच आला, गोल, उजळ. माझ्या नावाचं अक्षरही त्यात नाही, तरी वर्षानुवर्षं मला वाटत आलंय की ते वाक्य तिने मला म्हटलंय.

मग शांतता. एरवी ती लगेच बोलते. आज बोलली नाही. कक्षाच्या काचेमागे ती बसलेली दिसत होती, माइकसमोर, मान खाली. लोक इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं आता उठून जाते. मग तिने मान वर केली.

"ही केवळ चाचणी होती. प्रवाशांनी आपला प्रवास सुरू ठेवावा."

जाड, खालचा, अजिबात न थरथरणारा आवाज.

म्हातारीने मला विचारलं, "ही दुसरी कोण रे बाबा? नवीन आहे का?"

"माझी बायको आहे," मी म्हटलं.

"हो का. पहिली बाई किती गोड बोलली. ती कुठे गेली?"

 शिडी खांद्यावर घेऊन मी पुढच्या फलाटाकडे निघालो. खांद्यातून कळ आली, पार मानेपर्यंत. आठवडाभर येतेय. आता खरंच दुखतो. हिला सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तर तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा?